जपानच्या खाणीत राबलेल्या युद्धकैद्याचा माग कसा काढायचा

दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या हाती लागलेला एखादा सैनिक पुढे कुठल्या खाणीत राबला, कधी नेला, काय काम केलं, जिवंत सुटला की नाही, हे आज ऐंशी वर्षांनीसुद्धा बऱ्यापैकी शोधता येतं, आणि त्यातलं बरंचसं काम घरी बसून होतं. पण बहुतेक जण नाव टाकून सर्च मारतात, काही हाती लागत नाही, मग कंटाळून सोडून देतात. तर पहिली गोष्ट म्हणजे नावापासून सुरुवात करूच नका. जपानी क्लार्कनी परदेशी नावं कानाला ऐकू आली तशी कताकाना या जपानी लिपीत लिहिली, त्यात र आणि ल एकच, मग युद्धानंतर कोणीतरी ती परत इंग्रजीत आणली, आणि या ये-जा मध्ये नावाचं पार वाटोळं झालेलं असतं. तारीख आणि जागा मात्र सहसा फसवत नाहीत.

म्हणून तो कुठे आणि कधी पकडला गेला ते आधी पक्कं करा. हाँगकाँग पडलं २५ डिसेंबर १९४१ ला, सिंगापूर १५ फेब्रुवारी १९४२ ला, जावा मार्चमध्ये, फिलिपिन्समधलं बातान ९ एप्रिलला आणि तिथलंच कोरेहिदोर बेट ६ मे ला. यातली एक तारीख हातात आली की पुढचा रस्ता बराचसा ठरतो. बातानवर पकडलेला अमेरिकन असेल तर बहुतेक वेळा आधी कॅम्प ओडोनेल, मग कबानातुआन, हे दोन्ही फिलिपिन्समधलेच कॅम्प, आणि १९४३-४४ मध्ये जहाजातून जपान. सिंगापूरचा ब्रिटिश किंवा ऑस्ट्रेलियन असेल तर सिंगापूरमधलाच चांगीचा कॅम्प, मग कित्येकांच्या नशिबी जपान्यांनी कैद्यांकडून बांधून घेतलेली थायलंड-बर्मा रेल्वे, आणि ती रेल्वे ऑक्टोबर १९४३ मध्ये पूर्ण झाली तेव्हा जे जगले होते त्यातल्या धडधाकट दिसणाऱ्यांना निवडून १९४४ मध्ये जपानला पाठवलं. धडधाकट हा शब्द इथे फार जपून घ्यायचा, रेल्वेवरून आलेला माणूस म्हणजे हाडांचा सापळाच असायचा. काही जण मात्र रेल्वे न बघताच थेट खाणीत गेले, उदाहरणार्थ नोव्हेंबर १९४२ मध्ये सिंगापूरहून तैवानच्या किंकासेकीला नेलेले ५२३ जण. तैवान तेव्हा जपानची वसाहत होती हे लक्षात ठेवा, नाहीतर लोक फक्त जपानच्या याद्या चाळत बसतात आणि माणूस सापडत नाही.

खाणीच का, हेही थोडं माहिती हवं, कारण कागद कुठे असतील ते त्यावरून कळतं. जपानचे स्वतःचे खाणकामगार सैन्यात गेले होते आणि कोळसा, तांबं, जस्त, शिसं यांची गरज मात्र वाढत होती. मग कंपन्या सैन्याकडे माणसं मागायच्या, सैन्य कैदी द्यायचं, कंपनी त्याबद्दल सैन्याला पैसे भरायची आणि कैद्याच्या हातात पडायचे दिवसाचे काही सेन, म्हणजे येनचे शंभरावे भाग. थोडक्यात प्रत्येक कैद्यामागे दोन मालक होते, सैन्य आणि कंपनी, आणि म्हणून कागदही दोन ठिकाणी तयार झाले. १९२९ च्या जिनिव्हा कराराप्रमाणे कैद्याला धोक्याच्या किंवा तब्येतीला घातक कामाला लावायला बंदी होती. जपाननं त्यावर सही केली होती पण तो मंजूर केला नव्हता, १९४२ च्या सुरुवातीला मात्र आम्ही तो जमेल तसा पाळू असं कळवलं होतं. प्रत्यक्षात काय झालं ते आकड्यातच दिसतं. युद्धानंतर जपानी नेत्यांवर चाललेल्या टोकियोच्या खटल्यात मांडलेल्या हिशोबाप्रमाणे जपानच्या ताब्यातल्या अमेरिकन आणि ब्रिटिश राष्ट्रकुलाच्या १,३२,१३४ कैद्यांपैकी ३५,७५६ मेले, म्हणजे शंभरातले सत्तावीस. जर्मनी आणि इटलीच्या ताब्यात हेच प्रमाण शंभराला चार होतं.

आता जहाज. ही पायरी लोक हमखास गाळतात. खाणीत शोधायच्या आधी तो खाणीपर्यंत पोचला का हे बघा. कैद्यांच्या जहाजांवर कैदी असल्याची खूण नसायची, त्यामुळे मित्रराष्ट्रांच्याच पाणबुड्यांनी ती बुडवली. २४ ऑक्टोबर १९४४ ला आरिसान मारू बुडालं, त्यावर जवळपास १,८०० अमेरिकन होते आणि वाचले फक्त नऊ. १ ऑक्टोबर १९४२ ला लिस्बन मारूला टॉर्पेडो लागला आणि दुसऱ्या दिवशी ते बुडालं, त्यावर हाँगकाँगचे १,८०० हून जास्त ब्रिटिश होते, त्यातले आठशेच्या वर गेले आणि बाकीच्यांतल्या बहुतेकांना परत पकडून जपानला नेलं. तेव्हा मृत्यूची तारीख हातात असेल तर ती आधी अशा बुडालेल्या जहाजांच्या तारखांशी ताडून बघा. जुळली तर त्याची कहाणी समुद्रातच संपली, मग खाणीची फाइल उघडून उपयोग नाही. आणि तो पोचला असेल तर जहाजाचं नाव सोन्यासारखं जपा, कारण एका जहाजातून आलेल्यांना बंदरावर उतरल्यावर ठराविक कॅम्पांत वाटलं जायचं, म्हणजे एकाच्या कागदावरून त्याच्या सोबतच्या पन्नास जणांचा पत्ता लागतो.

कॅम्पचा नंबर ही खरी डोकेदुखी आहे, इथे घाई करू नका. जपानमध्ये हाकोदाते, सेंदाई, टोकियो, नागोया, ओसाका, हिरोशिमा, फुकुओका अशी मुख्यालयं होती आणि त्यांच्याखाली शाखा-कॅम्प, त्यांना इंग्रजी कागदात नंबरापुढे बी लावतात, आणि कामाच्या जागी पाठवलेल्या तुकड्यांचे छोटे कॅम्प, त्यांना डी. घोळ असा की १९४५ मध्ये कारभाराची फेररचना झाली आणि कितीतरी कॅम्प एका मुख्यालयाखालून दुसऱ्याखाली गेले, नंबरही बदलले. मिए प्रांतातल्या इरुकाचा तांब्याच्या खाणीचा कॅम्प आधी ओसाकाखाली होता, नंतर तो नागोया ४ झाला. जागा तीच, माणसं तीच, फक्त कागदावर कॅम्प वेगळा. त्यामुळे कुठलाही नंबर लिहून घेताना शेजारी तारीख, गावाचं नाव आणि खाणीचं किंवा कंपनीचं नाव लिहायचंच, नुसता नंबर लिहिलात तर सहा महिन्यांनी तुम्हालाच कळणार नाही तो कधीचा. रॉजर मॅन्सेल या अमेरिकन संशोधकानं सुरू केलेली कॅम्पांची ऑनलाइन यादी यासाठी फार कामाची, त्यात जुने-नवे नंबर, कंपनीचं नाव आणि कित्येक कॅम्पांच्या हजेरी-याद्या आहेत. पीओडब्ल्यू (म्हणजे युद्धकैदी) रिसर्च नेटवर्क जपान ही जपानी अभ्यासकांची संस्था २००२ पासून हेच काम करतेय, जपानमध्ये मेलेल्या कैद्यांची नावानिशी यादी त्यांनी केलीये. मुख्य जपानी बेटांवर साधारण ३६,००० कैदी आणले गेले आणि त्यातले ३,५०० च्या आसपास तिथे मेले, तर मृत्यू जपानमध्ये झाला असेल तर ती यादी बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

एवढं झालं की मग नाव घेऊन त्याचं कार्ड शोधा, कारण आता तुम्हाला तारीख, जहाज आणि कॅम्प माहिती आहे, स्पेलिंग चुकलं तरी माणूस ओळखता येतो. ब्रिटिश आणि राष्ट्रकुलाचा असेल तर लंडनच्या केव इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये डब्ल्यूओ ३४५ ही मालिका, जपान्यांनी भरलेली ५६,००० च्या आसपास कार्डं. कार्डावर दोन तिरक्या लाल रेघा असतील तर तो कैदेत मेला. वर्षं जपानी पद्धतीची म्हणजे शोवा असतात, त्यात १९२५ मिळवा, शोवा १८ म्हणजे १९४३. मागच्या बाजूला जपानीत हातानं लिहिलेल्या नोंदी असतात आणि बदलीच्या तारखा बहुतेक तिथेच सापडतात, म्हणून फक्त पुढची बाजू बघून समाधान मानू नका, दोन्ही बाजूंची कॉपी मागवा आणि जपानी येणाऱ्या कोणाकडून तरी वाचून घ्या, मशीनवर टाकलेलं हस्ताक्षर फार चुकीचं वाचलं जातं. त्याच आर्काइव्हजमधली डब्ल्यूओ ३४४ म्हणजे सुटकेनंतर कैद्यांनी स्वतः भरलेले फॉर्म, कुठल्या कॅम्पात कधीपासून कधीपर्यंत, कोणी त्रास दिला, कोणी पळायचा प्रयत्न केला वगैरे. काहींनी पानं भरून लिहिलंय, काहींनी दोन ओळीत संपवलंय, आणि मला तरी त्या दोन ओळींवरून माणसाबद्दल मत बनवणं बरोबर वाटत नाही, घरी जायची घाई असलेल्या, उपासमार सोसलेल्या माणसाकडून अजून काय अपेक्षा करणार.

अमेरिकन असेल तर अमेरिकेच्या नॅशनल आर्काइव्हजचा युद्धकैद्यांचा डेटाबेस ऑनलाइन फुकट आहे, पण त्यात एकच कॅम्प दिसतो, मधले दिसत नाहीत, त्यामुळे तेवढ्यावर थांबू नका. ऑस्ट्रेलियन असेल तर त्यांच्या नॅशनल आर्काइव्हजमधली सर्व्हिस फाइल, बऱ्याच स्कॅन झाल्यात. डच असेल तर हेगचं नॅशनल आर्काइव्ह, तिथेही जपानी कार्डं आहेत. जिनिव्हाच्या रेडक्रॉसकडेही विचारता येतं पण तिथे अर्ज ठराविक काळातच घेतात, म्हणून ते आधीच लावून ठेवा आणि बाकीचं काम चालू ठेवा.

इथपर्यंत माणूस कॅम्पात होता एवढं सिद्ध होतं. खाणीत त्यानं काय केलं ते कार्ड सांगत नाही. त्यासाठी युद्धगुन्ह्यांच्या खटल्यांकडे जायचं, आणि या सगळ्या शोधातला सगळ्यात भरलेला आणि सगळ्यात जड भाग हाच आहे.

फुकुओका १७ चं उदाहरण घ्या. ओमुता शहरात, मित्सुई कंपनीच्या मिइके कोळसा खाणीसाठीचा कॅम्प, जपानमधला सगळ्यात मोठा. ऑगस्ट १९४३ मध्ये पहिले पाचशेच्या आसपास अमेरिकन आले, मग ऑस्ट्रेलियन, डच, ब्रिटिश, आणि शेवटी साधारण १,७०० जण होते. खाण जुनी, काही भाग आधी काढून संपवलेले, आणि अशा जागी छताला आधार म्हणून ठेवलेले कोळशाचे खांबही काढायला लावायचे, म्हणजे डोक्यावरचं छत कधी येईल नेम नाही. कैद्यांच्या जबान्यांमध्ये एक गोष्ट परत परत येते, खाणीत जावं लागू नये म्हणून लोक मित्राकडून स्वतःचा हात किंवा पाय मोडून घ्यायचे. हे वाचलं की पुढे काही वेळ वाचवत नाही. या कॅम्पच्या दोन कमांडंटना, युरी आणि फुकुहारा, १९४६ मध्ये फाशी झाली. जपानमधल्या कॅम्पांचे असे खटले मुख्यतः योकोहामाला अमेरिकन आठव्या आर्मीनं चालवले, त्यांच्या रिव्ह्यू फाइलींमध्ये साक्षींचा गोषवारा मिळतो. शोधताना कैद्याचं नाव नाही, कॅम्पचं आणि आरोपीचं नाव टाका.

किंकासेकीचं तसंच, पण त्याचे खटले ब्रिटिशांनी हाँगकाँगला चालवले आणि हाँगकाँग विद्यापीठानं ते ऑनलाइन आणलेत. त्यात खाण चालवणाऱ्या निप्पॉन मायनिंग कंपनीच्या नोकरांवरचाही खटला आहे, म्हणजे फक्त सैनिक नाही, खाणीतले मुकादमही आरोपी होते. रोज डोंगर चढून पलीकडे उतरायचं, मग खाणीत खोल खाली, असह्य गरमीत तांब्याचं खनिज फोडून ट्रॉल्या भरायच्या, ठरवलेला कोटा झाला नाही की खाणीतल्याच हातोड्याच्या दांड्यानं मार, आणि परत तोच डोंगर. एखादा माणूस किंकासेकीत होता एवढं वाक्य आणि हे सगळं कळल्यावरचं तेच वाक्य यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, म्हणून ही पायरी टाळू नका, वाचायला कितीही त्रास झाला तरी.

साक्षी वाचताना एक पथ्य मात्र पाळा. कैद्यांना पहारेकऱ्यांची खरी नावं माहिती नसायची, टोपणनावं असायची, आणि एकच टोपणनाव वेगवेगळ्या कॅम्पात वेगवेगळ्या माणसाला असायचं. तारखाही मागेपुढे होतात. तेव्हा एका साक्षीवरून कोणाला दोषी किंवा निर्दोष ठरवू नका, दोन-तीन साक्षी ताडा. जपानी कागदाबद्दलही तेच. मृत्यूच्या दाखल्यावर हृदयक्रिया बंद किंवा आतड्याचा विकार एवढंच असेल तर कॅम्पमधल्या मित्रराष्ट्रांच्या डॉक्टरांची डायरी किंवा जबानी बघा, तिथे बेरीबेरी (जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा आजार), न्यूमोनिया, उपासमार, छत कोसळणं असं खरं कारण असू शकतं. कागद सापडलाच नाही तर घाबरू नका, २० ऑगस्ट १९४५ ला टोकियोहून कॅम्पांना तार गेली होती की शत्रूच्या हाती पडले तर अडचणीचे ठरतील असे कागद नष्ट करा आणि कैद्यांना छळणाऱ्या लोकांनी निघून जायला हरकत नाही. ही तारच पुढे टोकियो खटल्यात पुरावा झाली. म्हणजे कॅम्पची फाइल गायब असणं याचा अर्थ काही घडलंच नाही असा कधीच घेऊ नका.

आता दुसरा मालक, कंपनी. इथे मी थोडा जास्त वेळ घेणार आहे कारण इथे शोध अडकतो आणि इथेच उलगडतोही. मित्सुई, मित्सुबिशी, सुमितोमो, फुरुकावा, निप्पॉन मायनिंग, इशिहारा सांग्यो अशा कंपन्यांच्या खाणीत कैदी होते. त्यातल्या कित्येक कंपन्या नाव बदलून किंवा विलीन होऊन आजही आहेत, म्हणून शोधताना जुनं आणि नवं दोन्ही नावं वापरा. युद्ध संपल्यावर कंपन्यांना कैद्यांबद्दलचे रिपोर्ट द्यावे लागले होते आणि ते कागद जपान सरकारकडे राहिले. याचं मोल किती ते फुकुओका २६ वरून समजतं. कागदपत्रांत ही आसो मायनिंगची योशिकुमा कोळसा खाण, तेव्हाचे पंतप्रधान तारो आसो यांच्या घराण्याची. तिथे युद्धकैदी होते हे सरकार मान्य करत नव्हतं. डिसेंबर २००८ मध्ये विरोधी पक्षाच्या मागणीवरून आरोग्य मंत्रालयातले जुने कागद बाहेर आले आणि त्यात सरळ आकडे होते, १९७ ऑस्ट्रेलियन, १०१ ब्रिटिश, २ डच, एकूण ३००. मग २००९ च्या सुरुवातीला आसो यांना ते मान्य करावं लागलं. माजी कैदी कित्येक वर्षं सांगत होते, पण मान्य झालं ते कंपनीच्याच कागदानं. म्हणून म्हणतो, कैद्याचं कार्ड, कॅम्पची यादी आणि कंपनीचा कागद, हे तिन्ही जुळेपर्यंत शोध पूर्ण झाला असं समजू नका. जपानी सरकारी कागदांसाठी जेएसीएआर हे डिजिटल आर्काइव्ह फुकट आहे, त्यात इंग्रजीत सर्च करता येतं पण खाणीचं नाव जपानी अक्षरात कॉपी करून टाकलंत तर कितीतरी जास्त सापडतं.

१९ जुलै २०१५ ला मित्सुबिशी मटेरियल्सच्या अधिकाऱ्यांनी लॉस एंजेलिसमध्ये जेम्स मर्फी या माजी अमेरिकन कैद्याची जाहीर माफी मागितली. ते ओसारिझावाच्या तांब्याच्या खाणीत राबले होते. कंपनीच्या आधीच्या अवताराच्या चार खाणींत ९०० च्या आसपास अमेरिकन कैदी होते. तुमचा माणूस त्यातल्या एखाद्या खाणीत असेल तर त्या वेळची निवेदनंही फाइलीला लावा.

एक मोठा वर्ग मात्र यातल्या कुठल्याच यादीत सापडणार नाही. चिनी. जपाननं चीनविरुद्ध रीतसर युद्ध कधी जाहीर केलंच नाही, त्यामुळे पकडलेल्या चिनी सैनिकांना युद्धकैद्याचा दर्जाच दिला नाही आणि मजूर म्हणून नेलं. ३८,९३५ जणांना जपानला नेलं, १३५ कामाच्या जागा, त्यातले ६,८३० मेले, हे आकडे जपानच्या परराष्ट्र खात्याच्या १९४६ च्या अहवालातले. अकिता प्रांतातल्या हानाओका खाणीच्या परिसरात ९८६ चिनी आणले होते, ३० जून १९४५ च्या रात्री त्यांनी उठाव केला, तो चिरडला गेला, आणि सगळे मिळून ४१८ जण मेले. अशा माणसासाठी तो अहवाल आणि त्यासोबतचे प्रत्येक कामाच्या जागेचे रिपोर्ट बघायचे. कोरियन मजुरांचा शोध पुन्हा वेगळा, ते तेव्हा जपानी प्रजा गणले जायचे म्हणून कैद्यांच्या कागदात शोधूच नका. पण तुमच्या खाणीबद्दल लिहाल तेव्हा हे दोन्ही गट तिथे होते का ते जरूर तपासा आणि लिहा, नाहीतर अर्धीच खाण लिहिल्यासारखं होईल.

तो मेला असेल तर कबर. राष्ट्रकुलाच्या लोकांसाठी वॉर ग्रेव्ह्ज कमिशनचा डेटाबेस, जपानमध्ये मेलेले बहुतेक योकोहामाच्या दफनभूमीत आहेत, आणि तिथे एका कलशात ३३५ जणांची राख एकत्र आहे, जपानी कॅम्पात दहन करत असल्यामुळे. स्वतंत्र कबर सापडली नाही तर तिथल्या भिंतीवरची नावं बघा. त्याच दफनभूमीत अविभक्त हिंदुस्थानच्या सैन्याचा वेगळा विभागही आहे. तैवानमध्ये मेलेल्यांना युद्धानंतर हाँगकाँगच्या साई वान दफनभूमीत हलवलं, हे माहिती नसेल तर लोक तैवानमध्ये कबर शोधत फिरतात.

प्रत्यक्ष जायचं असेल तर किंकासेकीला, म्हणजे आजच्या जिनग्वाशीला, कॅम्पच्या जागी स्मारक आहे आणि भिंतीवर तैवानमधल्या चार हजारांवर कैद्यांची नावं कोरलीत, तैवान पीओडब्ल्यू कॅम्प्स मेमोरियल सोसायटीनं हे उभं केलं. इरुकाला ३०० ब्रिटिश होते, त्यातले १६ तिथेच मेले, गावातल्या लोकांनी युद्धानंतरही त्यांची जागा जपली, आणि १९९२ मध्ये माजी कैद्यांचा एक गट परत तिथे जाऊन आला. मिइके खाण १९९७ मध्ये बंद झाली, तिचे काही भाग २०१५ पासून युनेस्कोच्या वारसा यादीत आहेत, पण तो वारसा मेइजी काळाच्या, म्हणजे १८६८ ते १९१२ च्या, औद्योगिक प्रगतीचा म्हणून नोंदलाय, त्यामुळे कैद्यांच्या कॅम्पची माहिती तिथल्या बोर्डावर मिळेल या भरवशावर जाऊ नका, जुना नकाशा आणि कॅम्पचा हवाई फोटो सोबत न्या. ऑगस्टच्या शेवटी अमेरिकन विमानांनी अन्न टाकायच्या आधी छपरांवर पीडब्ल्यू (युद्धकैदी) अशी अक्षरं रंगवली होती, त्यामुळे त्या वेळच्या फोटोत कॅम्प चटकन ओळखता येतो.

सापडलेला प्रत्येक कागद फाइल नंबर, पान नंबर आणि बघितल्याची तारीख टाकून ठेवा, आणि यादीतली चूक पक्क्या कागदानिशी सापडली तर ती यादी करणाऱ्यांना कळवा. ही कामं थोडी माणसं स्वतःच्या वेळात करतायत, एका नावाची दुरुस्तीसुद्धा त्यांना हवी असते.